ख्रिस्तपुराणातील आज्ञा आणि पालि वाङ्मयातील गारव

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'चे नाव मराठी साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या कानावरून गेलेले असते, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते कानावरच राहते. त्यातील मराठी भाषेच्या स्तुतीच्या ओव्या तेवढ्या पाठ्यपुस्तकांतून उद्धृत होतात. एका इंग्रज पाद्र्याने आपल्या भाषेचे कौतुक केले याचे समाधान मानून विद्यार्थी आणि अध्यापक पुढच्या प्रकरणाकडे वळतात. सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ काय सांगतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो आपल्या श्रोत्याला काय करावयास सांगतो, याची विचारपूस मराठी समीक्षेने फारशी केलेली नाही. बौद्ध अभ्यासकाने ती करणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते. एका धर्मातून निघून दुसऱ्या धर्मात आलेल्या मराठी माणसांसाठी रचलेला हा ग्रंथ आहे, आणि १९५६ नंतर तो अनुभव आपलाही आहे. योगायोग असा की, ख्रिस्तपुराणाची देवनागरीतील आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून काढली ती त्याच १९५६ साली.

ग्रंथाची माहिती थोडक्यात देतो. स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले आणि १६१९ मध्ये तेथेच वारले. मधली बहुतेक वर्षे त्यांनी गोव्यातील साष्टी तालुक्यात काढली. पुराण प्रथम १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले, पुढे १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा निघाले. 'पहिले पुराण' जुन्या कराराची आणि 'दुसरे पुराण' येशूच्या चरित्राची कथा सांगते. दर रविवारी व सणाच्या दिवशी देवळात त्याचे वाचन होत असे आणि श्रोते ते भक्तिभावाने ऐकत. स्वर्गाला वैकुंठ आणि येशूला स्वामी म्हणणारी, ओवीत बांधलेली ही भाषा त्या श्रोत्यांना परकी वाटली नसावी.

पण ही भाषा कोणत्या परिस्थितीत कानी पडत होती, हे विसरून चालणार नाही. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते. साष्टीतील देवळे पाडली गेल्यानंतर, जुलै १५८३ मध्ये, कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार मारले, आणि त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना असोळणे येथील किल्ल्यात बोलावून त्यांचा घात केला. त्याच साष्टीत हे पुराण रचले गेले. त्याच्या आरंभीच एक नवख्रिस्ती पाद्र्याला विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांस वाचावयास काय देता? हा प्रश्न आम्हांस सबंध ग्रंथातील सर्वांत जिवंत जागा वाटतो. त्याचे उत्तर म्हणून पुढचा सारा ग्रंथ आला आहे. उत्तर देणारा मात्र एकाच वेळी गुरू होता आणि सत्तेच्या बाजूचाही होता.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. पहिल्या पुराणाचा सारा डोलारा एका फळावर उभा आहे. परमेश्वराने आदि दांपत्याला बागेतील एका झाडाचे फळ खाऊ नये म्हणून सांगितले, त्यांनी ते खाल्ले, आणि त्या एका कृत्याने सारी मानवजात पतित झाली. हे झाड बऱ्यावाईटाच्या ज्ञानाचे होते, यावर पुष्कळ बुद्धिवादी लेखकांनी टीका केली आहे. ज्ञान मिळविणे हेच पाप ठरविले, असे ते म्हणतात. ही टीका आम्हांस काहीशी उथळ वाटते. बरे काय आणि वाईट काय हे आपणच ठरवू, हा मनुष्याचा अहंकार म्हणजे ते फळ, असे कॅथलिक धर्मशास्त्री त्याचे स्पष्टीकरण देतात, आणि ते समजून घेतलेच पाहिजे. परंतु ते मान्य केले तरीही पापाचे मूळ आज्ञाभंगात आहे, ही गोष्ट तशीच राहते. फळ स्वतः विषारी नव्हते. 'खाऊ नको' असे सांगितले होते म्हणून खाणे हे पाप झाले. संत पॉलने याच सूत्राचा दुसरा पदर जोडला : एकाच्या अवज्ञेने सर्व पापी झाले, तसे एकाच्या आज्ञापालनाने सर्व तरतील. दुसऱ्या पुराणातील येशू क्रूसापर्यंत जातो तो पित्याच्या इच्छेला मान देऊन. पतन आणि तारण या दोहोंना मोजण्याचे माप येथे एकच आहे, आणि ते माप आज्ञा हे आहे.

याच्या शेजारी दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्त ठेवून पाहावे. तेथेही एका चाखण्यापासूनच ऱ्हास सुरू होतो. आरंभीचे सत्त्व स्वयंप्रभ आहेत, प्रीती हाच त्यांचा आहार आहे. पाण्यावर साय धरावी तशी रसपठवी पसरते. एक लोभी सत्त्व ती बोटाने चाखतो, इतर त्याचे अनुकरण करतात, तृष्णा वाढते, शरीरे जड होतात, अंगची प्रभा नाहीशी होते. पुढे भात येते, मग भाताचा साठा येतो, शेतांच्या मर्यादा पडतात, चोरी होते, आणि शेवटी लोक आपल्यातूनच एकाला निवडून 'महासम्मत' करतात. कथेत चाखणे आहे, पतनही आहे, पण ते चाखू नये असे सांगणारा कोणीच नाही. कोणाचाही हुकूम मोडला गेलेला नाही. दुःख आले ते लोभातून, आणि ते वाढले संग्रहातून. सुत्ताचे श्रोते कोण आहेत हेही पाहण्यासारखे आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज हे ब्राह्मण कुळातून निघालेले, भिक्खू होऊ इच्छिणारे दोन तरुण आहेत, आणि ब्राह्मण त्यांची निंदानालस्ती करतात, हे ते तथागतांना सांगतात. म्हणजे येथेही श्रोते जुने घर सोडून आलेले आहेत. त्यांना जी आदिकथा ऐकविली गेली तिने वर्णांची उत्पत्ती ब्रह्म्याच्या मुखातून काढून माणसांच्या कामधंद्यात आणून ठेवली. साष्टीतील नवख्रिस्त्याला ऐकविलेल्या आदिकथेने त्याला एक नवा देव आणि एक जुने, जन्मापूर्वीचे पाप दिले. त्याच्या जातीबद्दल ती कथा मूकच राहिली. गोव्याच्या चर्चमध्ये बामण, चाड्डी आणि शूद्र यांच्या वेगवेगळ्या कोंफ्रारी पुढे शतकानुशतके चालल्या, हे सर्वविदित आहे.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नेमके येथेच बोट ठेवले होते. धर्मांतरित ख्रिस्ती अस्पृश्यांच्या स्थितीवरील त्यांचे निबंध महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेतील पाचव्या खंडात, १९८९ मध्ये, प्रसिद्ध झाले. त्यांत ते असे दाखवितात की, आपल्या अधोगतीचे कारण आपलेच पाप आहे अशी शिकवण ज्याला मिळते, तो आपल्या भोवतालची अन्यायी समाजरचना बदलण्यास सहसा पुढे सरसावत नाही. आद्य पापाचा सिद्धांत बाबासाहेबांनी धर्मशास्त्राच्या वादासाठी उचललेला नाही. तो माणसाच्या हातापायांचे काय करतो, हे त्यांनी पाहिले. ख्रिस्तपुराणाचे परीक्षण याच कसोटीवर व्हावयास हवे, आणि त्या कसोटीवर हा सुंदर ग्रंथ उणा ठरतो, असे आमचे मत आहे.

स्टीफन्स यांच्यावर मात्र अन्याय होऊ नये. आज्ञापालन ही गोष्ट त्यांनी केवळ गोव्याच्या प्रजेला सांगितली असे नाही. ते स्वतः तिच्या व्रतात बांधलेले होते. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लॉयोला यांनी २६ मार्च १५५३ रोजी पोर्तुगालमधील आपल्या अनुयायांना आज्ञापालनावर एक प्रसिद्ध पत्र लिहिले. त्यात तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : सांगितलेले काम करणे, सांगणाऱ्याच्या इच्छेशी आपली इच्छा जुळविणे, आणि शेवटी आपली बुद्धीही त्याच्या बुद्धीच्या स्वाधीन करणे. संघाच्या घटनेत आज्ञाधारक माणसाला निर्जीव देहाची व म्हाताऱ्याच्या हातातील काठीची उपमा दिली आहे. इंग्लंडमधील एक तरुण सर्वस्व सोडून साष्टीत येतो, परकी भाषा आत्मसात करून तीत महाकाव्य रचतो, आणि त्याच मातीत देह ठेवतो. ही शक्ती त्या व्रतातून आली, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण तिसऱ्या पायरीवर आमचा पाय अडतो. कर्म आणि इच्छा माणूस कोणाला देऊ शकेल. बुद्धी दिली की उरलेले दोन्ही त्याने दिले की त्याच्याकडून घेतले गेले, हे तपासणारा मागे कोण राहिला?

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांनी नीट समजून घ्यावी. कॅथलिक लोक मूर्ती पूजतात, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. त्यांच्या शास्त्रात उपासना आणि आदर यांत स्पष्ट भेद आहे. उपासना केवळ परमेश्वराची. संतांना व त्यांच्या प्रतिमांना मिळतो तो आदर, आणि मरियेला मिळणारा आदर इतर संतांहून वरचा. प्रतिमेला केलेला नमस्कार प्रतिमेला नसून ज्याची ती प्रतिमा आहे त्याला पोचतो, असा निर्णय ७८७ मध्ये निकाया येथील परिषदेने दिला होता. म्हणजे वंदनाचे तत्त्वज्ञान त्यांच्याकडे पुरेसे सूक्ष्म आहे. उणीव वंदनात नाही, त्याला जोडलेल्या आज्ञेत आहे, हे पुढील विवेचनावरून ध्यानी येईल.

वाडीतील आमच्या पालि अभ्यासवर्गात एका उपासिकेने एकदा विचारले होते : "सर, आपण विहारात पंचांग वंदन करतो, ते चर्चमध्ये गुडघे टेकतात. मग फरक काय?" सेमिनरी हिल्सला ज्या सेमिनरीवरून नाव पडले ती संत चार्ल्स सेमिनरी वाडीहून फार दूर नाही, त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे केवळ पुस्तकी राहत नाही. आणि तो वाटतो त्याहून अवघडही आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, एप्रिल १९६९ मध्ये, भारतातील कॅथलिक उपासनेसाठी बारा बदलांना रोमची संमती मिळाली. गुडघा टेकण्याऐवजी अंजली करून वाकणे, पंचांग प्रणाम, पादत्राणे काढून भुईवर बसणे, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा हे सर्व त्यात आले. तेव्हा देहाची मुद्रा पाहून फरक सांगता येण्याचे दिवस गेले. (हे बदल भारतीय की केवळ ब्राह्मणी, असा प्रश्न पुढे दलित ख्रिस्ती विचारवंतांनीच उपस्थित केला, हे जाता जाता नमूद करावे. स्टीफन्सपासून चालत आलेला तोच पेच आहे.)

फरक शोधावयाचा तर 'गारव' या पालि शब्दापाशी जावे लागते. संयुत्तनिकायात एक छोटे सुत्त आहे. बोधी प्राप्त झाल्यावर, नेरंजरेच्या तीरी, अजपाल वडाखाली बसलेले तथागत विचार करतात की, कोणाविषयीही आदर न बाळगता राहणे हे दुःखाचे आहे, तर मी कोणाच्या आश्रयाने, कोणाचा आदर करून राहावे? शील, समाधी, प्रज्ञा, विमुक्ती यांत आपल्याहून श्रेष्ठ असा कोणी त्यांना दिसत नाही. तेव्हा ज्या धम्माचा आपल्याला बोध झाला त्या धम्माचाच आदर करून राहण्याचे ते ठरवितात. मग सहंपती ब्रह्मा येतो आणि त्या निश्चयाला अनुमोदन देतो. येथे देव आज्ञा देत नाही, होकार भरतो. या सुत्ताचे मोल आम्हांस फार वाटते, कारण त्यात आदर आहे, तो जीवनाला आवश्यक म्हटला आहे, आणि तरीही ज्याची आज्ञा पाळावी असा कोणी त्यात नाही. आदर आणि आज्ञा या दोन गोष्टी एकमेकींवाचून राहू शकतात, याचा याहून स्वच्छ पुरावा आम्हांस ठाऊक नाही.

कोणी म्हणेल, मंगलसुत्तात 'सोवचस्सता' हे मंगल म्हणून सांगितले आहे त्याचे काय? अनेक इंग्रजी भाषांतरांत या शब्दाला आज्ञाधारकपणा असा अर्थ दिलेला आढळतो, आणि तेथून तो आपल्या वंदना-पुस्तिकांतही उतरला आहे. हा अर्थ आम्ही चुकीचा समजतो. 'सुवच' म्हणजे ज्याला काही सांगणे सोपे जाते तो. दोष दाखविला असता जो उसळत नाही, उलटून बोलत नाही, विषय बदलीत नाही, त्याच्या अंगी सोवचस्सता आहे. मज्झिमनिकायातील अनुमानसुत्तात महामोग्गल्लानांनी 'दुब्बच' कोण आणि 'सुवच' कोण याची सविस्तर फोड केली आहे. तिचा सारा रोख ऐकून घेण्यावर आहे, हुकूम पाळण्यावर नाही. शिवाय हा गुण केवळ धाकट्याचा नव्हे. विनयात सद्धिविहारिकाने उपज्झायाची सेवा करावी असे आहे, तसेच उपज्झायाच्या मनात मिथ्यादृष्टी उत्पन्न झाल्यास ती शिष्याने दूर करावी असेही आहे. वर्षावासाच्या अखेरीस पवारणा होते. तीत प्रत्येक भिक्खू, तो कितीही ज्येष्ठ असो, संघाला विनवितो की माझे काही चुकलेले दिसले, ऐकले वा शंका आली असेल तर सांगा. आणि संयुत्तनिकायात स्वतः तथागतही भिक्खूंना विचारतात की माझ्या कायेने वा वाचेने घडलेले काही तुम्हांस निंद्य वाटते काय. इग्नेशियसच्या पत्राची तिसरी पायरी आणि हा प्रश्न शेजारी ठेवले की उपासिकेच्या शंकेचे उत्तर मिळते. गुडघा दोन्हीकडे टेकतो. टेकल्यानंतर ज्याच्यापुढे तो टेकला त्याची परीक्षा घेण्याचा अधिकार उरतो की नाही, यावर सारे अवलंबून आहे. मज्झिमनिकायातील वीमंसकसुत्त तर तथागताचीच परीक्षा कशी घ्यावी हे शिष्याला शिकविते.

पालि व्याकरणाच्या अंगानेही हेच दिसते. दहा आज्ञा द्वितीय पुरुषी आहेत : तू असे करू नकोस. पंचशीलाचे क्रियापद 'समादियामि' हे प्रथम पुरुषी आहे. मी हे शिक्षापद ग्रहण करतो. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञाही प्रथम पुरुषीच आहेत, आणि त्यांना त्यांनी आज्ञा म्हटले नाही. १९५० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्यांनी बुद्धाला मार्गदाता म्हटले, मोक्षदाता म्हटले नाही, त्यामागेही हाच विवेक आहे.

येथे एक गमतीची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मध्ययुगीन युरोपात जोसाफात नावाच्या एका राजपुत्र-संताची कथा अतिशय लोकप्रिय होती. हा जोसाफात म्हणजे आपला बोधिसत्त्वच. नाव आणि कथा अनेक भाषांतून फिरत तेथे पोचली आणि त्याला रोमच्या संतनामावलीत २७ नोव्हेंबर ही तिथीही मिळाली. गोव्यातच १६१६ मध्ये वारलेले पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कोउतो यांनी बुद्ध आणि जोसाफात यांच्या कथांतील साम्य ओळखले होते, आणि तेही दुसऱ्या साष्टीतील, म्हणजे मुंबईजवळच्या, कान्हेरी लेण्यांच्या संदर्भात. ख्रिस्ती रूपात मात्र त्या कथेचा गाभा बदलला. राजपुत्र पित्याची आज्ञा मोडतो ती स्वर्गातील पित्याची आज्ञा पाळण्यासाठी. सिद्धार्थाच्या गृहत्यागात हा दुसरा पिता नाही.

हे सारे लिहीत असता आमची दृष्टी चर्चपेक्षा आपल्या विहारांकडेच अधिक लागली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धार्मिक स्वातंत्र्याचा आणि सदसद्विवेकाचा जाहीरनामा काढला. कॅथलिकांनी आपल्या आज्ञेला आतून वेसण घालण्याचा तो प्रयत्न होता. आपल्याकडे मात्र ज्या परंपरेत आज्ञा मुळात नव्हती तिच्यात ती हळूहळू येऊन बसते आहे. विहारात वंदना भराभर म्हटली जाते, तिचा अर्थ सांगितला जात नाही, आणि प्रवचनानंतर कोणी शंका विचारली तर समितीचे पदाधिकारी त्याला डोळ्यांनी दटावतात. भन्तेजींनी सांगितले, साहेबांनी सांगितले, एवढ्यावर विषय संपतो. बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालून त्यांच्याच नावाने कोणाचे तोंड बंद करणे हा प्रकारही आम्ही पाहिला आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी राजकारणातील भक्तीबद्दल, ती अधःपतनाकडे आणि हुकूमशाहीकडे नेते म्हणून, जो इशारा दिला होता तो विहाराच्या भिंतीशी येऊन थांबतो असे समजण्याचे कारण नाही. पवारणेचा दिवस आपल्याकडे चीवरदानाने आणि भोजनदानाने साजरा होतो. उपासकांनी समितीला, समितीने उपासकांना, 'आमचे काही चुकले काय' असे त्या दिवशी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

ख्रिस्तपुराण वाचू इच्छिणाऱ्यांनी बंडेलू यांची आवृत्ती किंवा कॅरिडाड द्रागो यांची १९९६ ची आवृत्ती पाहावी. भाषा जुनी असली तरी ओवीची सवय असलेल्याला ती फार अडणार नाही. पहिल्या पुराणातील सृष्टीची व पतनाची कथा आणि अग्गञ्ञ सुत्त ही येत्या वर्षावासात वाडीच्या अभ्यासवर्गात एकापाठोपाठ वाचण्याचे आम्ही योजिले आहे. वाचनानंतरचा वेळ प्रश्नांसाठी राखून ठेवला आहे, आणि सुरुवात त्या साष्टीच्या नवख्रिस्त्याच्या प्रश्नापासून होईल.